माह्या मातीले उपदेश नको

ताई,

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला येतात, "पाळकसाहेब, देव तुम्हाला समाधान देवो" म्हणतात, मी मान हलवतो. समाधान कुठलं आलंय! तू असतीस तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली असतीस, "इज्या, चहा घेतो का?" माझ्या रागावर तुझ्याकडे जन्मभर हे एकच औषध होतं. एवढी वर्षं नर्स म्हणून नोकरी केलीस, दुसरं एखादं शोधून ठेवायचं होतंस.

रागाचं कारण तुला माहीत आहे. तूच करून ठेवलंयस ते.

वर्ध्याच्या दवाखान्यात, त्या शेवटच्या आठवड्यात, तू नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केलीस. मला वाटलं पाणी मागतेस. तू म्हणालीस, "इज्या, माह्या मातीले लय लोक येतीन. तिथं उपदेश नको करजो. शास्त्र वाचजो, प्रार्थना करजो, अन् लोकायले घरी जाऊ देजो."

"काऊन?" मी म्हटलं. "आपली रीत आहे ते."

"आपली आहे. त्यायची नाई. ते मले पोचवायले येतीन. मातीतून मधातच उठून जाता येते का कोणाले?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. नळी पुन्हा नीट लावली आणि डॉक्टरांना शोधायच्या निमित्ताने बाहेर पडलो. तू मागितलेला शब्द मी तुला दिला नाही. तू पुन्हा मागितलाही नाहीस.

पाळकाच्या आयुष्यात मातीचा दिवस म्हणजे काय असतो, हे तुला मी सांगायला नको. रविवारी चर्चमध्ये तीच तीच माणसं. त्यातली निम्मी माझ्या उपदेशात काय येणार ते माझ्याआधी ओळखतात. पण कोणी गेलं की कब्रस्तानात सगळा गाव येतो. पाळक कबरीच्या काठावर उभा राहतो, मरणाबद्दल बोलतो, मरणापलीकडच्या जीवनाबद्दल बोलतो, आणि जे जन्मात कधी चर्चची पायरी चढणार नाहीत ते खाली मान घालून ऐकतात. मी अशा किती तरी मात्या केल्या आणि प्रत्येक वेळी बोललो. आणि ही तर तुझी माती! समुद्रपूर तालुक्यातली ज्या ज्या गावची पोरं तुझ्या हातांवर जन्मली ती सगळी गावं येणार होती. ज्या दारांवरून मी तीस वर्षं परत फिरलो, ती दारं त्या दिवशी स्वतःच्या पायांनी माझ्यासमोर येऊन उभी राहणार होती. आणि तू म्हणतेस, बोलू नको.

खरं तर हे भांडण तुझ्या आजारपणातलं नाही. मी पाळक झालो त्या दिवसापासूनचं आहे. मी एखाद्या गावात येशूची सुवार्ता सांगायला गेलो की लोक ओसरीवरूनच विचारायचे, "काय काम आहे?" आणि तू? तुला चुलीपर्यंत मुभा. सुनेचं दुखणं सासूच्या आधी तुला कळायचं. अशी मोकळीक एखाद्या प्रचारकाला मिळाली तर तो देवाचे आभार मानत नाचेल. तू त्या चुलीशी बसून काय बोलायचीस? तर मुलाला उकळलेलं पाणी पाज, लाल गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नको, दुसरं पोर लगेच नको.

"येशूचं नाव एकदा तरी काढत जा," मी म्हणायचो.

"सुई हातात असताना देवाचं नाव नाई काढायचं," तू म्हणायचीस. "सुईले भ्यालेला माणूस कशालेबी हो म्हणते. ज्याले नाई म्हणता येत नाई, त्याच्यापुढं देव काढू नाई."

"मग सुई ठेवल्यावर काढ."

"सुई ठेवली की मी दुसऱ्या घरी जाते."

मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "ताई, बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहते." तू भाकरी उलटवत म्हणालीस, "आपण विकाले बसलो का?" तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि तो घडा वर चहा विचारणार.

मला वाटायचं, सरकारी नोकरी आहे म्हणून भितेस. तू रिटायर होण्याची मी वाट पाहिली, हे तुला कधी सांगितलं नाही. निरोपाचा हार अजून तुझ्या गळ्यात होता आणि मी मनात गावांची यादी करत होतो. म्हटलं, आता ताई मोकळी झाली, आता आम्ही दोघं मिळून फिरू. तू फिरलीस. बीपीचं मशीन पिशवीत घालून, त्याच घरांमध्ये, तशीच गप्प. माझी यादी तशीच राहिली.

मीही काही साधा नाही, कबूल. कार्डांचं ते प्रकरण मला विसरता येत नाही. तू मात्र त्या दिवसानंतर त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाहीस. त्याचा राग जास्त येतो. चार शिव्या दिल्या असत्यास तर फिटलं असतं.

तुझ्याकडे त्या दिवशी लसीकरणाच्या कार्डांचा गठ्ठा होता. आई-बाळाची ती कार्डं, प्लास्टिकच्या कव्हरातली. तू आत भाकऱ्या थापत होतीस. मी बाहेर बसून एकेका कव्हरात एकेक पत्रक सरकवलं. छोटंसं, सुरेख छापलेलं, आमच्या मंडळीनेच काढलेलं. त्यात कोणाच्या देवाला नाव ठेवलेलं नव्हतं, मी स्वतः तपासलं होतं. मला वाटलं, तू बोलत नाहीस ना, नको बोलूस. कागद बोलेल. तुझ्या हातून जाईल, म्हणजे कोणी फेकून देणार नाही.

दोन दिवसांनी तू मला फोन केलास. आवाज चढवला नाहीस. "उद्या सकाळच्या एसटीनं येजो. पायात चांगली चप्पल घालून येजो."

मग आपण हिंडलो. ज्या ज्या घरी कार्ड गेलं होतं, त्या प्रत्येक घरी. तू दारात उभी राहायचीस आणि एकच वाक्य म्हणायचीस, "हा माहा भाऊ आहे. यानं तुमच्या कार्डात एक कागद घातला, मले न इचारता. वाचायचा असन तर ठेवा, नसन तर देऊन टाका. पण त्या कागदाचा अन् गोळ्यायचा काई संबंध नाई. कागद नाई वाचला तरी गोळ्या भेटतीन." मी शेजारी उभा. शाळेत पकडलेल्या पोरासारखा. चाळिशीच्या जवळ आलेला माणूस मी, ताई! पाळक! बऱ्याच बायका हसल्या, कागद काढून देऊन मोकळ्या झाल्या. दोघी-तिघींनी ठेवलाही. मला वाटत होतं, एवढं काय मोठं झालं.

मग आपण कांताबाईच्या घरी गेलो. कापूसवाल्यांचं घर, मोठं कुटुंब, सून पोटुशी. कांताबाईला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद देवघरात ठेवला होता, हळदकुंकू वाहून. "सरकारी कागद असन म्हटलं," ती म्हणाली. "बाईनं देला म्हणजे मतलबाचा असन. हरवला अन् उद्या गोळ्या बंद झाल्या त? म्हणून जपून ठेवला." तिने तो हळूच काढून तुझ्या हातात दिला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

शेवटचं घर गुरुजींचं. बौद्धपुऱ्यातले, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांच्या नातीचं कार्ड. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं होतं, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त करून ठेवलं होतं. आपल्याला खाली बसवलं, चहा सांगितला आणि मला म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा धर्म तुम्ही सांगा ना. सांगायचा हक्कच आहे तुम्हाले. पण पोरीच्या कार्डात लपवून काऊन? आमच्या बापानं धर्म बदलला तो भर मैदानात, लाखो लोकायसमोर. कोणी कोणाच्या खिशात घातला नाई."

लपवून. हा शब्द मी स्वतःशी वापरला नव्हता. मी त्याला युक्ती म्हणत होतो.

आणि मग गुरुजींनी तुला विचारलं, सहज, चहाची बशी पुढे करत, "बाई, तुम्ही इतक्या वर्षांत कधी बोलल्या नाई. तुम्ही काऊन मानता येशूले?"

तू सांगितलंस, ताई. मला वाटलं होतं टाळशील. तू चहा खाली ठेवलास आणि सांगितलंस. आई गेली तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, मी पाच, आणि तू वर्षभर देवाशी बोलली नव्हतीस. मग एक दिवस मला अंघोळ घालताना तुला वाटलं की ज्या येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याला हे काम समजत असेल. तिथून पुन्हा बोलायला लागलीस. एवढंच. अर्धा तास लागला असेल, मध्ये गुरुजींनी प्रश्न विचारले, दोनदा तुम्ही दोघं हसलात. त्यांना पटलं असं नाही. "माणूस चांगला होता तुमचा, पण देव म्हणायचं तर मले जमणार नाई," असं म्हणाले. तू म्हणालीस, "जमलंच पाहिजे असं कुठं आहे?" आणि त्यांनी आपल्याला फाट्यापर्यंत सोडलं.

मला अंघोळ घालतानाची ही गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस. दहा वर्षं मी उपदेशात त्याच पाय धुण्यावर बोलत होतो, आणि तू मागच्या बाकावर बसून ऐकत होतीस. नंतर दारात भेटलीस की एवढंच म्हणायचीस, "वीस मिनिटांच्या वर नको जाऊ. लेकरं चुळबुळ करते."

तुला गप्प बसण्याचंच वेड होतं, असं म्हणणं तुझ्यावर अन्याय होईल. एका गावच्या बाजारात मी पत्रकं वाटत होतो तेव्हा एका माणसाने ती हिसकावून फाडली, झोंबाझोंबीत माझा सदराही फाटला. तू दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलीस. "सांगितलं होतं ना" हे शब्द तुझ्या तोंडातून निघतील म्हणून मी तयारीत होतो. तू सदरा मागितलास, बटणं लावलीस, आणि पुढच्या बाजारी माझ्या शेजारी पोतं अंथरून येऊन बसलीस. "बाजारात बोल," म्हणालीस. "इथं बोलायले काई हरकत नाई. ज्याले ऐकायचं नाई तो वांगे घ्यायले जाते." दिवसभर उन्हात बसलीस. त्या दिवशी मला कोणी हात लावला नाही, कारण निम्मा बाजार तुला "नर्सबाई, इकडं कशा?" विचारत थांबत होता. या उपकाराबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मी त्यातही हिशेब केला की एवढी माणसं थांबली होती, तू दोन शब्द बोलली असतीस तर!

नाताळच्या फेरीचंही तसंच. मी म्हणायचो, पेटी आणि माईक घेऊन गल्लीतून गात जायचं, रस्ता सगळ्यांचा आहे. तू आदल्या दिवशी घरोघर विचारून यायचीस, "आमची गाण्याची टोळी येऊन राह्यली, तुमच्या दारी थांबलं तर चालन का?" कोणाकडे म्हातारं आजारी, कोणाकडे सुतक. तिथे माईक बंद, तोंड बंद, आपण सगळे चोरासारखे पुढे. मी भडकलो होतो. "प्रभूच्या जन्माला आता शेजाऱ्यांची परवानगी घ्यायची का?"

तू म्हणालीस, "मरियेलेबी इचारलंच होतं की देवदूतानं, येशूची माय होशीन का म्हणून."

"विचारलं नव्हतं, सांगितलं होतं! शास्त्र नीट वाच."

"अन् मरिया हो म्हणेपर्यंत थांबला की नाई?"

हा वाद आपला अर्धवटच राहिला. मी त्यावर ग्रंथ चाळले, मोठ्या पाळकांना विचारलं. माझंच बरोबर आहे असं अजूनही वाटतं. पण तो थांबला होता, हे मला नाकारता येत नाही, आणि तू ते उत्तर ऐकायला आता नाहीस.

चार वर्षांपूर्वी तालुक्यातून काही माणसं गाड्यांवर आली होती, ही नर्स लोकांचा धर्म बदलते का याची चौकशी करायला. तू घरी नव्हतीस. कांताबाईने त्यांना आपल्या ओसरीवरून खाली उतरवलं. म्हणाली, "ह्या बाईनं एवढ्या वर्षांत आमाले तिच्या देवाचं नावबी सांगतलं नाई. तुमी आल्या आल्या तीनदा घेतलं." माणसं गेली. सगळ्या गावाने ही गोष्ट कौतुकाने सांगितली, आणि मी घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या बाजूने कांताबाई जे बोलली, ते ऐकून दुसरा कोणी पाळक खूश झाला असता का? तू वाचलीस, कारण तू काहीच सांगितलं नव्हतंस. हे शौर्य म्हणायचं की काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. तुझ्या मातीचं सांगतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी उपदेश लिहून काढला होता. चार पानं. माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तू डोळे मिटलेस तेव्हाही खिशात होती, हे तुला सांगून टाकतो. माझं ठरलं होतं. मी स्वतःला म्हणत होतो, मी शब्द दिलेलाच नाही.

आणि लोक आले, ताई. तू म्हणालीस त्याहून जास्त आले. एसटीने, ऑटोने, ट्रॅक्टरवर बसून. वैशाखातली दुपार, बारा वाजून गेलेले, कब्रस्तानात एक लिंबाचं झाड, त्याची सावली शवपेटीपुरती. मी शास्त्र वाचलं. प्रार्थना केली. मग आमच्या मंडळीतले वडीलधारे माझ्याकडे बघायला लागले, आता पाळक बोलणार म्हणून. मी खिशात हात घातला आणि सुरुवात केली, "बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपण ज्या कबरीपाशी उभे आहोत…"

समोर गुरुजी होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात पोटाशी जोडले आणि नजर खाली घेतली. तो चेहरा मी ओळखतो. माणूस सभ्य असला आणि निघून जाता येत नसलं की तो चेहरा करतो. आजवर प्रत्येक मातीत मला तो दिसला होता, आणि आजवर मी त्याला भक्तिभाव समजत होतो.

मग माझं लक्ष बायांच्या पायांकडे गेलं. त्या सगळ्यांनी चपला कुंपणाबाहेर काढून ठेवल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. देवाची जागा, बाईची जागा, म्हणून काढल्या होत्या. आपली ख्रिस्ती माणसं चपला घालून उभी, आणि ह्या बाया तापलेल्या मातीवर अनवाणी. कांताबाई सगळ्यांत पुढे. एक पाय उचलायची, दुसरा टेकवायची, पुन्हा तो उचलायची. तोंडावर काही नाही. पाळकसाहेब बोलतायत तोवर हलायचं नाही, एवढंच तिने ठरवलेलं.

"चपला घाला, बायांनो," मी मधेच म्हणालो.

कोणी हललं नाही. वाटलं असेल, हाही उपदेशाचाच भाग.

माझ्याकडे चार पानं होती. सावकाश वाचली तर पंचवीस मिनिटं. मी "आमेन" म्हणालो आणि माती टाकायला वाकलो.

झालं. तुझंच झालं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी घरी येऊन विचारलं, "पाळकसाहेब, एवढा मोठा जमाव परत जमणार नाई. बोलले काऊन नाई?" मी म्हटलं, घसा बसला होता. तुझ्यापायी कब्रस्तानातून येऊन तासाभरात खोटं बोललो. चार पानं अजून आहेत. ती चांगली होती, ताई. तुझ्याबद्दलही होतं त्यात. कोणीच ऐकलं नाही.

इथवर मी नुसताच चिडलेला होतो. नुसतं चिडलेलं असणं सोपं असतं.

पाचव्या दिवशी कांताबाई आली. भाकरी आणि वरणाचा डबा घेऊन, जिथे कोणी गेलंय त्या घरी आणतात तसा. तळपायाला फोड आलेले, चालताना लंगडत होती. डबा ठेवला आणि दाराशी बसली.

"साहेब, एक इचारू का? राग नाई ना येणार?"

"इचारा."

"बाई आमच्या घरी येत, सुनेच्या बाळंतपणाले, लेकरायले पाह्यले, तवा घरात शिराच्या आधी दारात थांबत. डोळे मिटत. व्हट हालत, पण आवाज नाई. एवढुसा वेळ. मंग पिशवी घेऊन आत येत. सगळ्यायच्याच घरी असं करत. काय म्हणत त्या?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुम्ही त्यायले कधी विचारलं नाई?"

"नाई नं. मले वाटे, मंत्र असन. सांगतला तर उतरन म्हणतेत. म्हणून नाई इचारलं. पण आता नातीचे दिवस भरत आले. नवी नर्स येते, चांगली आहे पोरगी, पण ते दारात थांबत नाई. म्हटलं, ते काय म्हणायचं असते ते शिकून घ्याव, मीच म्हणीन." मग तिने बोट वर केलं. "अन् हे पाहा, ख्रिस्ती नाई व्हायचं मले. आधीच सांगते."

तीस वर्षांत पहिल्यांदा एक माणूस आपणहून माझ्या दारात येऊन विचारत होता, ताई. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी सांगू शकलो असतो. आमच्या पुस्तकात आजाऱ्यांसाठी प्रार्थना आहेत, एखादी तुझी म्हणून खपवली असती, तिला काय कळणार होतं. माझ्यासारख्याने कार्डांत पत्रकं घातलेली आहेत, एवढं खोटं काही जड नव्हतं.

"मले नाई माहीत," मी म्हणालो.

"भाऊ असून?"

"भाऊ असून."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "बरं, तुमी काय म्हणता ते सांगा मंग."

मी सांगितलं. चार पानांतलं काही नाही. मी म्हणतो, प्रभू येशू, मला सगळं येत नाही, तू जवळ राहा. पोरीला सांभाळ, आणि माझ्या हातून चूक होऊ देऊ नको. एवढंच. पाळक असून एवढंच म्हणतो, हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "येशूच्या जागी आमच्या देवाचं नाव घेतलं तर चालन का?"

ताई, ऐक. आयुष्यभर ज्यासाठी फिरलो ते नावच ती काढून ठेवत होती, आणि तेही मला विचारून. मी म्हणालो, "मी तर येशूचंच घेतो. माहा त्याच्यावरच भरोसा आहे. तुमचं तुम्ही पाहा."

"बरं," ती म्हणाली. रिकामा डबा मागून घेतला आणि लंगडत गेली. कोणाचं नाव घेणार ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ती गेल्यावर मी सगळ्यात आधी तुला फोन लावायला निघालो. खरंच. नंबर काढला. मला भांडायचं होतं. प्रत्येक दारात! एकेका घरापुढे पिशवी हातात घेऊन तू उभी राहायचीस, आणि मी जन्मभर तुला म्हणत राहिलो की तू देवाला चुलीपर्यंत नेत नाहीस. मला एकदा सांगायला काय झालं होतं? आपला भाऊ रोज तळमळतोय, त्याला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. चहा काय विचारत बसलीस!

फोन तसाच हातात धरून बसलो, आणि मग मला कळलं की यात तुझी चूक नाही. तू दुसऱ्यांच्या दारात माईक विचारून लावायचीस, तशी माझ्याही बाबतीत थांबली होतीस. गुरुजींनी विचारलं तेव्हा तू अर्धा तास बोललीस, मी शेजारीच बसलो होतो. कांताबाईला निदान मंत्र उतरण्याची भीती होती. मला कसली होती? मी तुझा सख्खा भाऊ. तू बोलत का नाहीस, हे मी तुला तीस वर्षं विचारलं. तू प्रार्थनेत काय म्हणतेस, हे एकदाही विचारलं नाही.

विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.